आयटक नागपुरात फुटली, नागपुरातच जुळली: भांडण सभासदवहीचं होतं

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नव्याने नोंदणी झालेल्या युनियनच्या तरुण सरचिटणीसाने प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या युनियनला एखाद्या राष्ट्रीय महासंघाशी जोडून घ्या, असा आग्रह चालू आहे. पण खात्यातले जुने कामगार सांगतात, की देशातली पहिली कामगार महासंघटना इंग्रजांच्या काळातच आपल्या नागपुरात फुटली होती आणि तीही पुढाऱ्यांच्या अहंकारापायी. “हे खरं आहे का? आणि खरं असेल तर जोडून घ्यायचं कशाला?” असं त्यांनी विचारलंय.

दादा, फूट पडली हे खरं, नागपुरात पडली हेही खरं. अहंकाराचं कारण मला पटत नाही. माझं सगळं आयुष्य युनियनच्या कामात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेलं. माणसं भांडतात तेव्हा त्यांच्या स्वभावाकडे बघण्याआधी संघटनेची घटना बघावी, ही सवय तिथेच लागली. मतं कशी मोजायची, सभासद कोण ठरवणार, संपाचा निर्णय कुणाच्या हातात, ही कलमं नीट लिहिलेली नसली की सज्जन माणसंही एकमेकांचे वैरी होतात. 1929 साली नागपुरात हेच घडलं. ते समजायला नऊ वर्षं मागे जावं लागतं.

ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली 31 ऑक्टोबर 1920 ला, मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये. अध्यक्ष लाला लजपतराय, सरचिटणीस दिवाण चमनलाल. आपल्याकडचे जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना मुंबईचे लोक ‘काका’ म्हणत, ते उभारणीत आघाडीवर होते आणि पुढच्याच वर्षी झरियाच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. 64 युनियन आणि 1,40,854 सभासद, असा स्थापनेच्या वेळचा आकडा नोंदलेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर महागाई आभाळाला भिडली होती, गिरणीमालकांनी युद्धात बक्कळ नफा कमावला होता आणि मजुरी होती तिथेच होती. 1918 पासून देशभर संपांची लाट उठली. मद्रासला बी. पी. वाडियांनी 1918 मध्येच मद्रास लेबर युनियन उभी केली होती. त्याआधी मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणून 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली होती. तेव्हा कामगार जागा नव्हता आणि पुढाऱ्यांनी त्याला जागं केलं, असं काही नाही. आपल्या एम्प्रेस मिलमध्ये तर मिल सुरू झाली त्याच वर्षी, 1877 मध्ये, मजुरीच्या दरावरून संप झाला होता. देशातल्या सगळ्यात जुन्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते.

तरीही महासंघ नेमका 1920 मध्येच का झाला? व्हर्सायच्या तहाबरोबर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्माला आली. तिच्या परिषदेला प्रत्येक देशाने सरकारचे, मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी पाठवायचे होते. कामगारांचा प्रतिनिधी देशातल्या सगळ्यात प्रातिनिधिक संघटनेशी सल्लामसलत करून निवडावा, अशी अट होती. 1919 च्या वॉशिंग्टन परिषदेसाठी हिंदुस्थान सरकारने कुणाला न विचारता भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी यांना नेमलं. जोशी माणूस म्हणून चोख होते, त्यांच्या निष्ठेबद्दल कुणाला शंका नव्हती. पण सरकारने परस्पर नेमणूक केली हे कामगार पुढाऱ्यांना झोंबलं. ‘सगळ्यात प्रातिनिधिक संघटना’ अस्तित्वात आणायचीच, असं ठरलं आणि 16 जुलै 1920 ला मुंबईत सभा भरून तयारी सुरू झाली.

याचा अर्थ असा, की छत आधी बांधलं आणि भिंती मागून उभ्या करायच्या ठरल्या. लजपतरायांचं अध्यक्षीय भाषण भांडवलशाही आणि साम्राज्यशाही यांच्यावर कडाडून टीका करणारं होतं, त्याचं मोल मी कमी करत नाही. दोन महिन्यांनी, डिसेंबर 1920 मध्ये, आपल्या नागपुरातच भरलेल्या राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनाने कामगारांच्या संघटनेला पाठिंब्याचा ठराव केला. पण जन्माच्या वेळीच महासंघासमोर ‘आम्ही किती कामगारांच्या वतीने बोलतो?’ हा सवाल उभा होता. तो आकड्याचा सवाल होता आणि त्या आकड्यावर जिनीव्हाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या परिषदेतली, खुर्ची ठरणार होती. ही गोष्ट मनात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं या आकड्याभोवती फिरतात.

वीसच्या दशकातली बाकीची वर्षं मी भरभर सांगतो. जिनीव्हाला प्रतिनिधी जाऊ लागले. 1926 मध्ये खुद्द लजपतराय गेले. 1925 पासून सरचिटणीसपद ना. म. जोशींकडे आलं. या काळातली सगळ्यात मोठी कमाई म्हणजे 1926 चा ट्रेड युनियन कायदा, जो 1 जून 1927 पासून अमलात आला. त्याची गरज मद्रासच्या बकिंगहॅम मिलच्या प्रकरणाने दाखवून दिली होती. संप घडवला म्हणून मालकांनी वाडियांवर दावा लावला आणि हायकोर्टाने त्यांच्याविरुद्ध मनाई हुकूम दिला. कायदा नसताना युनियन चालवणं म्हणजे मालकाचं नुकसान करण्याचा कट, असा अर्थ कोर्ट काढू शकत होतं. 1926 च्या कायद्याने सात जणांना एकत्र येऊन युनियन नोंदवता येऊ लागली आणि नोंदणीकृत युनियनच्या संपाला दिवाणी आणि फौजदारी संरक्षण मिळालं. तुमच्या युनियनच्या नोंदणी अर्जाखाली सात जणांच्या सह्या आहेत ना? त्या सातची परंपरा तिथून आलेली आहे.

त्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे अभ्यासकांचं फारसं लक्ष जात नाही. नोंदणीकृत युनियनला दरवर्षी रजिस्ट्रारकडे विवरणपत्र भरावं लागू लागलं. सभासद किती, वर्गणी किती जमा झाली, खर्च किती. पावतीपुस्तक आणि सभासदवही या दोन वस्तूंना कायद्यात वजन आलं. पण महासंघाच्या अधिवेशनात युनियनला किती प्रतिनिधी मिळणार, हे तिने सांगितलेल्या सभासदसंख्येवर ठरायचं आणि तो आकडा तपासायची ठाम पद्धत महासंघाकडे नव्हती.

मग 1928 उजाडलं. मुंबईच्या कापड गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सार्वत्रिक संप चालला. त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, लाल बावट्याची. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार. जोडीला डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर अशी तरुण कम्युनिस्ट मंडळी. डिसेंबर 1928 पर्यंत या युनियनने 54,000 सभासद झाल्याचं सांगितलं. देशात एवढी मोठी युनियन दुसरी नव्हती. जीआयपी रेल्वेमेन्स युनियनही सभासदांची मोठी संख्या सांगत होती आणि तिथेही डाव्यांचा जोर होता.

सरकार हे बघत बसलं नव्हतं. 20 मार्च 1929 ला देशभर छापे घालून कामगार पुढारी पकडले आणि त्यांच्यावर मेरठला राजद्रोहाच्या कटाचा खटला भरला. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे आणि आळवेसुद्धा गजाआड गेले. एप्रिलमध्ये औद्योगिक विवादांचा कायदा, म्हणजे ट्रेड डिस्प्युट्स ॲक्ट, मंजूर करून सहानुभूतीच्या संपांवर आणि सार्वजनिक सेवांमधल्या अचानक संपांवर बंधनं घातली. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी 8 एप्रिलला मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकला, तो याच विधेयकाच्या वेळी. आणि जुलैमध्ये त्याच सरकारने कामगारांच्या परिस्थितीची पाहणी करायला जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं. एका हाताने पुढारी तुरुंगात टाकायचे आणि दुसऱ्या हाताने कामगारांची विचारपूस करायची, असं ते चित्र होतं. त्यात भर अशी, की कमिशनच्या सदस्यांत ना. म. जोशी आणि चमनलाल हे आयटकचेच दोन पुढारी होते.

ही पार्श्वभूमी घेऊन नोव्हेंबर 1929 च्या अखेरीस आयटकचं दहावं अधिवेशन नागपुरात भरलं. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं, मुंबईकडून येणारी जीआयपी आणि कलकत्त्याकडे जाणारी बंगाल-नागपूर रेल्वे इथे भेटायच्या, त्यामुळे दोन्हीकडच्या प्रतिनिधींना सोयीचं. बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे पुढारी व्ही. व्ही. गिरी इकडच्या बाजूने आले, मुंबईचे तिकडून. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्यांची निवड आदल्या वर्षी झरियाला झाली होती. तेव्हा डाव्यांनी त्यांच्याविरुद्ध रेल्वेतला माणूस उभा केला होता आणि मवाळ गटाने नेहरूंना पुढे केलं होतं. नागपूरला येईपर्यंत नेहरू लाहोर काँग्रेसचे नियोजित अध्यक्षही झाले होते. दोन्ही बाजूंना ते थोडे आपले वाटत आणि थोडे परके.

खरी लढाई झाली कार्यकारिणीच्या बैठकीत, खुल्या अधिवेशनाच्या आधी. पहिलाच पेच गिरणी कामगार युनियनच्या सभासदसंख्येचा. 54,000 हा आकडा 1928 च्या विजयी संपानंतरचा. मधे 1929 चा दुसरा सार्वत्रिक संप होऊन मोडला होता, पुढारी तुरुंगात होते, गिरण्यांत लाल बावट्याच्या माणसांना कामावरून काढलं जात होतं. प्रत्यक्षात वर्गणी भरणारे किती उरले होते? जोशींच्या बाजूचं म्हणणं, की वह्या बघितल्याशिवाय आकडा मान्य कसा करायचा? डाव्यांचं म्हणणं, की सरकारने आमचे पुढारी पकडले, मालकांनी माणसं काढली आणि आता तुम्ही त्याचाच फायदा घेऊन आमचे प्रतिनिधी कमी करणार?

या जागी जरा थांबा, कारण मी दोन्ही बाजूंच्या जागी उभा राहून विचार केला आहे. एखाद्या युनियनवर दडपशाही चालू असताना तिची वर्गणी घटली म्हणून तिचं वजन कमी करणं हा अन्याय आहे. आणि न तपासलेल्या आकड्यावर साऱ्या देशाच्या महासंघाची धोरणं ठरवणं हाही अन्याय आहे, त्या लहान युनियनांवर, ज्या आण्या-दोन आण्याची वर्गणी गोळा करून खरा आकडा देत होत्या. हा पेच सोडवण्याचा मार्ग महासंघाच्या घटनेत हवा होता. तो तिथे नव्हता. म्हणून तो बहुमताने सोडवला गेला, आणि आकडा मान्य झाला की बहुमत कुणाचं होणार हे उघडच होतं.

त्यानंतर ठराव आले. व्हिटली कमिशनवर बहिष्कार. साम्राज्यशाहीविरोधी लीगशी संलग्नता. मॉस्कोच्या बाजूच्या पॅन-पॅसिफिक ट्रेड युनियन सेक्रेटरिएटशी संलग्नता. जिनीव्हाच्या परिषदेला प्रतिनिधी न पाठवणं. एकेक ठराव म्हणजे जोशींच्या आजवरच्या कामाला नकार होता. बहिष्काराचा ठराव तर त्यांच्याच अंगावर येत होता, कारण ते कमिशनचे सदस्य होते. ठराव मंजूर झाले आणि जोशी, गिरी, चमनलाल, बी. शिवराव, बखले आणि त्यांच्याबरोबरच्या युनियन बाहेर पडल्या. त्यांनी इंडियन ट्रेड युनियन फेडरेशन नावाचा वेगळा महासंघ काढला. फुटीपूर्वी आयटककडे सुमारे 50 युनियन आणि 1 लाख 90 हजारांच्या आसपास सभासद होते. ते ढोबळमानाने निम्मे-निम्मे विभागले गेले. उरलेल्या आयटकचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस झाले, सरचिटणीस एस. व्ही. देशपांडे. नेहरूंना फूट थांबवता आली नाही. महिन्याभरात ते लाहोरला पूर्ण स्वराज्याच्या ठरावाला सामोरे गेले.

आता माझं मत सांगतो, ते तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. कमिशनच्या बाबतीत जोशींचं धोरण योग्य ठरलं. 1931 च्या त्या अहवालाच्या शिफारशींतून 1934 चा सुधारित फॅक्टरी कायदा आला, बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास 60 वरून 54 वर आले. 1936 चा वेतन प्रदान कायदा आला, ज्यामुळे मालकाच्या मर्जीने होणाऱ्या दंडांना आणि पगार अडकवण्याला चाप बसला. एम्प्रेस आणि मॉडेल मिलच्या कामगाराला त्याचा थेट उपयोग झाला. पण बाहेर पडणं हा निर्णय चुकला. दुसऱ्या बाजूने, साम्राज्यशाही आपल्याला न्याय देणार नाही हे डाव्यांचं म्हणणं मेरठनंतर कोण नाकारेल? पण परदेशी संघटनांशी संलग्नतेसारखा विषय साध्या बहुमतावर रेटायचा नसतो. एक मत जास्त आहे म्हणून अर्ध्या संघटनेला आपल्या दावणीला बांधता येत नाही.

किंमत कामगारांनी मोजली, तीही लगेच. जागतिक मंदी आली, गिरण्यांत मजुरीकपात आणि कामगारकपात सुरू झाली. फेब्रुवारी 1930 मध्ये जीआयपी रेल्वेचा संप झाला आणि फसला. अशा वेळी देशाला एक आवाज हवा होता, तेव्हा दोन महासंघ होते. आणि 1931 मध्ये तीन झाले. कलकत्त्याच्या अधिवेशनात बोस अध्यक्ष असताना आयटक पुन्हा फुटली आणि देशपांडे, बी. टी. रणदिवे यांच्या गटाने रेड ट्रेड युनियन काँग्रेस काढली. वाद कशावरून पेटला माहीत आहे? गिरणी कामगार युनियनमध्येच दोन गट पडले होते आणि त्यांपैकी खरी युनियन कुणाची, प्रतिनिधित्वाचा अधिकार कुणाला, यावरून. परत सभासदवहीच. ज्यांनी नागपूरला त्या वहीच्या बळावर बहुमत मिळवलं, त्यांना दोन वर्षांनी तीच वही नडली.

या सगळ्या इतिहासात नागपूरचा कामगार कुठे होता, हे विचारणं भाग आहे. अधिवेशनं इथे भरली, पण इथल्या कामगाराचे काही प्रश्न महासंघाच्या व्यासपीठावर फार उशिरा पोचले, काही पोचलेच नाहीत. जुम्मा तलावाजवळची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, जमशेटजी टाटांची. व्यवस्थापक बेझनजी मेहता, ज्यांच्या नावाने बेझनबाग आहे. प्रॉव्हिडंट फंड, अपघातभरपाई अशा गोष्टी तिथे कायद्याच्या आधी आल्या आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण मिलमध्ये हजारोंच्या संख्येने काम करणाऱ्या दलित कामगाराचा प्रश्न नुसत्या पगाराचा नव्हता. कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त, आणि तिथेच अस्पृश्य मानलेल्यांना मज्जाव, कारण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या मुंबई संपात हा मुद्दा लावून धरला, तेव्हा संप समितीला तो मागण्यांत घ्यावा लागला. ज्या युनियनमध्ये सभासद म्हणून नाव घेतात पण चांगल्या खात्यात उभं राहू देत नाहीत, तिची सभासदवही कितीही जाड असो, तिच्यावर तो कामगार विश्वास का ठेवेल? फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही कामगारांचे शत्रू असल्याचं स्पष्ट मांडलं. कामठीला बाबू हरदास एल. एन. यांनी 1930 मध्ये मध्यप्रांतातल्या बिडी मजुरांचा संघ उभा केला होता. बिडीचं काम घरोघरी चालायचं, बाया-पोरं मिळून बिड्या वळायची, कंत्राटदाराचा माणूस येऊन ‘छाट’ काढून निम्म्या बिड्या बाद करायचा आणि बाद बिड्यांचे पैसे द्यायचा नाही. पत्ता एक नाही, हजेरीपट नाही, मग या मजुराचं नाव कुणाच्या वहीत येणार? आजच्या तुमच्या कारखान्यातल्या कंत्राटी पोरांची गत याहून फार वेगळी आहे असं मला वाटत नाही.

गिरणी कामगारांत रामचंद्र सखाराम रुईकर यांचं काम फार मोठं. पेशाने वकील, पण आयुष्य नागपूरच्या मिल मजुरांत गेलं. महासंघाचे तुकडे झाल्याचा त्रास जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यालाच सगळ्यात जास्त होतो. मालक विचारतो, तुम्ही कुठल्या गटाचे?

जुळणीचे प्रयत्न फुटीनंतर लवकरच सुरू झाले. 1933 मध्ये जोशी-गिरींचा महासंघ आणि काही रेल्वे युनियन मिळून नॅशनल ट्रेड युनियन फेडरेशन झालं. 1935 मध्ये रेड ट्रेड युनियन काँग्रेस आयटकमध्ये परतली. 1937 मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळं आली, गिरी स्वतः मद्रासचे मजूरमंत्री झाले आणि दोन तोंडांनी बोलण्यातला तोटा सगळ्यांना दिसू लागला. शेवटी एप्रिल 1938 मध्ये आयटकचं खास अधिवेशन पुन्हा नागपुरात भरलं आणि फेडरेशन आयटकशी संलग्न झालं.

त्या तडजोडीची कलमं मी प्रत्येक अभ्यासवर्गात वाचून दाखवतो. सर्वसाधारण मंडळावर दोन्ही बाजूंना सारखे प्रतिनिधी, कुणाची वही केवढी हे न बघता. राजकीय प्रश्न आणि संपाचे निर्णय तीन चतुर्थांश बहुमतानेच. कुठल्याही परदेशी संघटनेशी संलग्नता नाही. आणि बावटा लालच राहील, पण त्यावर कोयता-हातोडा नसेल. बघा, 1929 ला ज्या-ज्या गोष्टीवरून माणसं उठून गेली होती, तिच्यासाठी एकेक कलम लिहिलं गेलं. कुणी कुणाची माफी मागितली नाही, कुणी आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं नाही. तीन चतुर्थांशच्या अटीमुळे मोठ्या गटाला लहान गटाशी बोलावंच लागणार, अशी सोय झाली. या नियमाने महासंघाचे हात बांधले, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांत तथ्य आहे. तीन चतुर्थांश जमवत बसलं की झटपट निर्णय होत नाहीत. पण नऊ वर्षांच्या फाटाफुटीनंतर ती किंमत मला मोठी वाटत नाही. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात कम्युनिस्ट आणि आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष खांद्याला खांदा लावून उभे होते. 1940 मध्ये फेडरेशन पूर्णपणे विसर्जित होऊन आयटकमध्ये मिसळलं आणि ना. म. जोशी पुन्हा सरचिटणीस झाले. ज्या संघटनेतून ते अकरा वर्षांपूर्वी उठून गेले होते, तिचेच.

युद्धाने ही घडी परत विस्कटली. युद्धाला पाठिंबा द्यायचा की नाही, यावरून एम. एन. रॉय आणि जमनादास मेहतांच्या गटाने 1941 मध्ये इंडियन फेडरेशन ऑफ लेबर काढलं. त्याला सरकारकडून महिना 13,000 रुपये मिळत, हे पुढे विधिमंडळात उघड झालं. परदेशी परिषदांना कुणाचा प्रतिनिधी पाठवायचा हा जुना वाद परत आला आणि 1946 मध्ये सरकारने दोन्ही महासंघांची सभासदसंख्या तपासून घेतली, तेव्हा आयटक अधिक प्रातिनिधिक ठरली. जी तपासणी 1929 च्या आधी महासंघाने स्वतः करायला हवी होती, ती शेवटी सरकारी अधिकाऱ्याने केली. मधल्या काळात, 1943 मध्ये, आयटकचं अधिवेशन पुन्हा एकदा नागपुरात झालं, डांगे अध्यक्ष होते. 1942 च्या जुलैत नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन करून बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले होते. सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदा त्यांच्या काळात रुळल्या आणि आठवड्याचे 48 तास 1946 च्या दुरुस्तीने कायद्यात आले. मे 1947 मध्ये काँग्रेसच्या बाजूचा वेगळा महासंघ, इंटक, निघाला. डिसेंबर 1948 मध्ये हिंद मजदूर सभा स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष आपले रुईकर होते. तोवर इंग्रज गेले होते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. जोडून घ्यायचं की नाही?

जोडून घ्या, असं मी म्हणेन. एका कारखान्याची युनियन कितीही एकजूट असली तरी किमान वेतनाचा दर, कंत्राटी कामगारांचा कायदा, ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, सोय या गोष्टी तिच्या आवाक्याबाहेरच्या असतात. पण कुठल्या महासंघाला, हे नेत्याचं भाषण ऐकून ठरवू नका. त्यांची घटना मागा, पूर्ण छापील प्रत, सारांश नको. प्रतिनिधी कसे मोजतात ते बघा: सभासदांवर की संलग्नता शुल्क भरलेल्या सभासदांवर? या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या युनियनचा आकडा कोण तपासतं आणि तुम्हाला दुसऱ्यांचा आकडा तपासता येतो का, ते विचारा. संपावर जायचं की नाही हे तुमची सर्वसाधारण सभा ठरवणार, की वरून हुकूम येणार, ते कलम शोधा. राजकीय ठरावाला साधं बहुमत पुरतं की जास्त लागतं? बाहेर पडायची वेळ आली तर युनियनचा निधी आणि कार्यालय कुणाकडे राहतं? हा शेवटचा मुद्दा कोर्टात वर्षानुवर्षं रखडलेला मी पाहिला आहे, एका युनियनचं कपाटसुद्धा सील होऊन पडलं होतं.

आणि स्वतःची सभासदवही आजपासून नीट ठेवा. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियन होण्यासाठी सलग सहा महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असल्याचं दाखवावं लागायचं. त्या तपासणीत भल्याभल्या युनियन पडल्या, कारण माणसं होती पण पावत्या नव्हत्या. वर्गणी दरमहा घ्या, थकवू नका, एकदम सहा महिन्यांची घेऊन मागची तारीख टाकू नका. पावतीवर नाव, खातं, महिना आणि घेणाऱ्याची सही. कंत्राटी कामगार, झाडलोट करणारे, कॅन्टीनमधले, सगळ्यांना सभासद करून घेता येईल असं तुमच्या उपविधीत लिहिलं आहे का ते बघा. नसेल तर दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत करून रजिस्ट्रारकडे पाठवा. महासंघाशी बोलणी त्यानंतर सुरू करा आणि पहिल्या बैठकीला जाताना अध्यक्ष-सरचिटणीस दोघंच जाऊ नका, खात्यातला एक साधा सभासदही बरोबर न्या. तिथे काय ठरलं, ते परत येऊन बाकीच्यांना त्यानेच सांगू द्या.